‘आधीचे भाडेकरू’ यांच्याविरुद्ध त्रेचाळीस जण

रेडिओ केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर बसून ज्या साहेबांनी ‘श्रोते : शून्य’ असं लिहिलं आणि खाली सही ठोकली, त्या साहेबांनी खोटं लिहिलं आहे. तोंडावर सांगायची कुणाची छाती झाली नाही, म्हणून इथे सांगतो. शून्य नव्हते. एक होता. एकाला तुम्ही मोजत नसाल तर तसं लिहा. ‘एक आहे, पण त्याचं आम्हाला काही वाटत नाही’ असं स्वच्छ लिहा, आम्ही गप्प बसतो. पण शून्य लिहिणं म्हणजे चालत्याबोलत्या माणसाला खोडणं झालं, आणि तेही सरकारी शाईने.

तो एक म्हणजे दप्तरी.

दप्तरी हे त्यांचं आडनाव नव्हे. एका मोठ्या कचेरीच्या तळघरात जुन्या फायली सांभाळायचं काम ते अठ्ठावीस वर्षं करतायत, त्यावरून पडलेलं नाव आहे. सांभाळायचं म्हणजे खरं तर संपवायचं. कुठली फाईल कायम ठेवायची, कुठली तीस वर्षं, कुठली पाच, आणि कुठली या वर्षअखेरीला यंत्रात घालून तिच्या पट्ट्या करायच्या, हे ठरवणारा माणूस. या कामात त्यांच्याकडे दयामाया नाही. एका वर्षी स्वतःच्या नेमणुकीचा कागद मुदत संपलेली दिसली म्हणून त्यांनी आपल्या हाताने यंत्रात घातला, आणि पुढे दोन वर्षं आपण इथेच कामाला आहोत हे सिद्ध करत टेबलाटेबलावर फिरले.

अशा माणसाचं एका बँडवर प्रेम होतं. बँडचं नाव ‘आधीचे भाडेकरू’. हे नाव तुम्ही ऐकलेलं नाही, मला माहीत आहे. लाजू नका. कुणीच ऐकलेलं नाही.

चौघांचा बँड. एक गाणारा, एक अकॉर्डियन वाजवणारी बाई, एक ड्रमवाला, आणि एक बास गिटारवाला जो पुढे परगावी गेला आणि पत्ता न देता तिथेच राहिला. गाणारा सुराच्या थोडा मागून चालायचा, जसा एखादा नवरा खरेदीला बायकोच्या मागून चालतो. त्याला वाट माहीत असते, फक्त घाई नसते. गाण्यांचे विषय असे की प्रेमभंग झालेल्या माणसालाही त्यांचा काही उपयोग नाही. एक गाणं बिघडलेल्या लिफ्टवर. एक कपाटाच्या वर ठेवलेल्या आणि तिथेच राहून गेलेल्या वस्तूंवर. आणि सगळ्यात मोठं गाणं, एका खिडकीवर ‘उद्या या’ असं सांगितलेल्या माणसावर. त्यात मध्येच सगळी वाद्यं थांबतात, आणि चाळीस सेकंद काहीही वाजत नाही. ऐकणाऱ्याला जरा टेकायला मिळावं, असं ड्रमवाल्याचं मत होतं. चाळीस सेकंदांनी गाणं जिथे थांबलं तिथूनच पुढे सुरू होतं, जणू काही झालंच नाही.

बावीस वर्षांपूर्वी केंद्राने या चौघांचं तासाभराचं ध्वनिमुद्रण करून एकदाच, एका दुपारी, रेडिओवर लावलं. दप्तरी कावीळ होऊन घरी पडले होते. शेजारी कॅसेट होती, त्यांनी बटण दाबलं. पहिली बाजू पूर्ण उतरली. दुसऱ्या बाजूसाठी कॅसेट उलटी केली आणि दाराची बेल वाजली. दारात बिल्डिंगचे चेअरमन. गच्चीवरच्या टाकीचं झाकण कुणी उघडं टाकलं, याची चौकशी त्यांनी अर्धा तास केली. दप्तरी आत आले तेव्हा रेडिओवर हवामानाचा अंदाज चालू होता. चेअरमनशी दप्तरी तेव्हापासून कामापुरतंच बोलतात, आणि का, हे चेअरमनना आजतागायत माहीत नाही.

म्हणजे पहिली बाजू चार हजार वेळा ऐकलेली, आणि दुसरी बाजू आयुष्यात नाही. त्या बाजूवर काय असेल याचा विचार दप्तरी दाढी करताना करायचे. लिफ्ट दुरुस्त होत असेल का. खिडकीवरचा माणूस दुसऱ्या दिवशी जात असेल का. ध्वनिमुद्रणाचं रीळ केंद्रात होतं. तीन वेळा अर्ज केला, तिन्ही वेळा एकच उत्तर आलं : वैयक्तिक श्रवणासाठी रीळ लावण्याची तरतूद नाही.

आणि मग गेल्या वर्षी पेपरात आतल्या पानावर, नळदुरुस्तीच्या जाहिरातीखाली, केंद्राची सूचना आली. ज्या ध्वनिमुद्रणांना दहा वर्षांत श्रोता नाही अशी रिळं पुसण्यात येतील. यादी अशी अशी. यादीत सत्तावीस नंबरला ‘आधीचे भाडेकरू’, आणि पुढे ते शून्य. ज्यांची हरकत असेल त्यांनी तीस दिवसांत पंचवीस श्रोत्यांच्या सह्यांचा फॉर्म भरून द्यावा.

दप्तरींनी पेपर खाली ठेवला. बायकोने विचारलं, “काय झालं? कोण गेलं?”

“अजून नाही गेलं,” दप्तरी म्हणाले. “तीस दिवस आहेत.”

आता कुणीही म्हणेल, पंचवीस सह्या त्या काय. अहो, आमच्या बिल्डिंगमध्ये कुंड्या जिन्यात ठेवाव्यात की नाहीत यावर साठ सह्या जमल्या होत्या, दोन्ही बाजूंनी. पण दप्तरी हा सरळ माणूस. ऐकल्याशिवाय कुणाची सही घ्यायची नाही असं त्यांनी ठरवलं आणि तिथेच फसले. त्यांनी रविवारी दुपारी चार वाजता घरी श्रवणाचा कार्यक्रम ठेवला. बारा जणांना बोलावलं, नऊ आले. चहा-बिस्किटं झाली. दप्तरींनी उभं राहून दोन वाक्यं बोलायचं ठरवलं होतं, ते उभे राहिले आणि त्यांनी नुसतं बटण दाबलं.

पहिली पाच मिनिटं सगळे सभ्यपणे बसले. मग वरच्या मजल्यावरच्या वहिनी हळूच म्हणाल्या, “भावजी, रोज वरून ऐकते, पण हा माणूस गातोय की कुणाला पत्ता सांगतोय?”

“पुढे ऐका, वहिनी.”

“ऐकतेय. दुसऱ्या गल्लीत डावीकडे वळायचं एवढं कळलं.”

तळमजल्यावरचे मास्तर निवृत्त झाल्यापासून प्रत्येक गोष्टीला गुण देतात. डोळे मिटून ऐकत होते. दप्तरींच्या मनात आशा जागी झाली. मास्तरांनी डोळे उघडले आणि म्हणाले, “दप्तरी, रागावू नका. गाणं वाईट नाही. फक्त ते गायला नको होतं.”

खिडकीवाल्या गाण्यात ती चाळीस सेकंदं आली. वाद्यं थांबली. खोलीत अशी काही सुटका पसरली की काय सांगू. वहिनी सोडून सगळे उठले. “छान, छान” झालं. चेअरमननी दप्तरींचा हात हातात घेऊन दाबला. दोघांनी तर दाराशी जाऊन चपला पायात घातल्या. आणि गाणं पुन्हा सुरू झालं. पायात चपला असलेली ती दोन माणसं परत येऊन सोफ्याच्या काठावर बसली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते शत्रूच्याही चेहऱ्यावर दिसू नये.

शेवटी चेअरमन म्हणाले, “एक सुचवू का? सुरुवातीला दोन शब्द आणि शेवटी आभारप्रदर्शन, एवढं घातलं असतं ना, तर संपलं कधी ते लोकांना कळलं असतं.”

“बावीस वर्षांपूर्वीचं आहे ते. आता काय घालणार?”

“मग पुढच्या वेळी सांगा त्यांना.”

सह्या किती झाल्या? नऊ जणांनी मनापासून सांगितलं की दप्तरींसाठी ते काहीही करतील, पाणी भरतील, दवाखान्यात रात्र काढतील, पण ‘आवडले’ या शब्दाखाली सही मागू नका. फोनवरून सासूबाईंनी होकार दिला. “जावईबापूंना आवडतं ना, मग मला आवडतं.” दप्तरींनी आधी ते नाव लिहिलं, मग ऐकीव माहिती म्हणून स्वतःच खोडलं. उरली एक सही, स्वतःची.

सगळे गेल्यावर दप्तरी कपबश्या गोळा करणाऱ्या बायकोपाशी गेले. ती औषधांच्या दुकानात काम करते, कमी बोलते, आणि एकदा बोलली की डोस दिल्यासारखं बोलते.

“तू तरी कर सही.”

“कशी करू? मी ऐकलेलं नाही.”

“बावीस वर्षं या घरात वाजतंय ते.”

तिने ओढणीला हात पुसले, आत गेली, पलंगाजवळचा खण उघडला आणि एक पुडकं आणून त्यांच्यापुढे ठेवलं. कापूस होता.

“वाजायला लागलं की घालते,” ती म्हणाली. “तुम्हाला आवडतं, म्हणून कधी बंद करा म्हटलं नाही.”

“पण तू मान हलवायचीस.”

“कापूस नीट बसावा म्हणून.”

दप्तरींनी ते पुडकं उचलून परत खणात ठेवलं. आता यात रागवावं की काय करावं, हे माणसाला चटकन कळत नाही. बावीस वर्षं कुणी आपल्यासाठी कानात कापूस घातला, तर तो अपमान धरायचा की दुसरं काही? मला विचाराल तर मी उत्तर देणार नाही, माझ्या घरी मला वेगळे प्रश्न आहेत.

दुसऱ्या दिवशी ते अकॉर्डियनवाल्या बाईंकडे गेले. बाई आता झेरॉक्सचं दुकान चालवतात. दप्तरींनी सगळं सांगितलं. बाईंनी मशीन न थांबवता ऐकलं.

“पुसू द्या हो,” त्या म्हणाल्या. “त्यात मी तीन ठिकाणी चुकलेय. आजही आठवलं की अंगावर काटा येतो.”

“लिफ्टच्या गाण्यात एकदा आणि कपाटाच्या गाण्यात दोनदा,” दप्तरी म्हणाले.

बाईंनी मशीन थांबवलं. “तुम्हाला कसं माहीत?”

“त्या तीन जागा मला सगळ्यात जास्त आवडतात.”

झाकण उघडंच राहिलं होतं, पुढची प्रत काळी ठिक्कर आली, ती त्यांनी घडी करून टोपलीत टाकली. “गाणाऱ्याला आणि ड्रमवाल्याला सांगते,” त्या म्हणाल्या. “पण सही कुणीच करणार नाही. आम्ही आम्हालाच आवडलो असं लिहून द्यायचं, ते बरं दिसत नाही.”

एक सही असलेला फॉर्म घेऊन दप्तरी केंद्राच्या खिडकीवर गेले. मुदत वाढवून मागायची होती. खिडकीवर चष्मा लावलेल्या बाई होत्या. त्यांनी फॉर्म वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं : ‘मी हे ध्वनिमुद्रण संपूर्ण ऐकले असून ते मला आवडले आहे.’

“संपूर्ण ऐकलंय का तुम्ही?”

“पहिली बाजू. चार हजार वेळा.”

“आणि दुसरी?”

“तीच तर ऐकायची आहे.”

“म्हणजे संपूर्ण नाही ऐकलं.”

“कुठून ऐकणार? रीळ तुमच्याकडे आहे.”

“मग ऐकून या आणि सही करा.”

“कुठे ऐकायला मिळतं?”

“इथेच. पण एकट्यादुकट्याला ऐकवत नाहीत.” बाई वाईट नव्हत्या. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “हे बघा, माझ्या हातात असतं तर मी तुम्हाला अर्धा श्रोता धरलं असतं. पण रकान्यात पूर्ण आकडाच लागतो. अर्धा आला की खाली धरायचा, असं परिपत्रक आहे.”

असं झालं होतं ते शून्य. कळलं ना? माणूस बावीस वर्षं एका गोष्टीवर जीव टाकतो, आणि परिपत्रक त्याला खाली धरतं.

दप्तरी बसने परत आले. दोन थांबे पुढे जाऊन उतरले, कारण लक्ष नव्हतं. पुढचे चार दिवस घरात कॅसेट वाजली नाही. पाचव्या दिवशी वरच्या वहिनींनी खाली येऊन बायकोला विचारलं, “भावजी बरे आहेत ना? संध्याकाळी काही ऐकू येत नाही. मला भाजी चिरताना चुकल्यासारखं होतं.”

इलाज सापडला तो तळघरात. दप्तरी त्या वर्षीच्या पट्ट्यांची यादी करत होते आणि नेहमीप्रमाणे त्यांच्या हाताखालून बाकाची फाईल गेली. एका बागेतला लाकडी बाक कुणाच्या दुकानासमोर असावा यावर दोन भावांमध्ये लागलेलं भांडण. बाक कधीच कुजून गेला. भाऊही म्हातारे झाले. पण भांडण मिटलेलं नाही, म्हणून ती फाईल एकतीस वर्षं जिवंत आहे. प्रत्येक वर्षी दप्तरी तिच्याकडे दातओठ खाऊन बघतात आणि परत फळीवर ठेवतात, कारण नियम साधा आहे : ज्या कागदावर वाद चालू आहे त्याला हात लावायचा नाही. लोकांच्या पसंतीच्या, कौतुकाच्या, आभाराच्या फायली त्यांनी हजारोंनी यंत्रात घातल्या होत्या. कुणाचं प्रेम होतं म्हणून एकही फाईल वाचलेली त्यांना आठवेना. वाचतात त्या भांडणाच्या.

ते उठले, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि थेट मास्तरांच्या दारात उभे राहिले.

“मास्तर, ‘आधीचे भाडेकरू’ यांचा तुम्हाला त्रास होतो का?”

मास्तर सावध झाले. “आता तसं बघायला गेलं तर…”

“खरं सांगा.”

“बावीस वर्षं होतोय.”

“लिहून द्याल?”

मास्तरांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो निवृत्त झाल्यापासून कुणी पाहिला नव्हता. त्यांनी फुलस्केप कागद काढला, पेन झटकलं. संध्याकाळपर्यंत ही बातमी सगळ्या मजल्यांवर गेली, आणि मास्तरांच्या दारापासून जिन्यापर्यंत रांग लागली. जी माणसं आवडल्याची एक सही देईनात, ती तक्रारीसाठी स्वतःचं पेन घेऊन आली. शेजारच्या बिल्डिंगमधून सात जण आले, कारण त्यांच्या खिडक्या दप्तरींच्या बाजूला उघडतात. चेअरमननी विचारलं, घरातल्या प्रत्येकाची वेगळी सही चालेल का.

मसुदा मास्तरांनी सांगितला आणि दप्तरी शेजारी बसून तपासत होते. इथे थोडी ओढाताण झाली.

“‘गायक बेसूर आहे,’” मास्तर म्हणाले.

“बेसूर नका लिहू. ‘सुराच्या किंचित मागे आहे’ लिहा.”

“दप्तरी, तक्रार माझी आहे.”

“तक्रार तुमचीच. पण खोटी असेल तर टिकणार नाही.”

“बरं. ‘किंचित मागे.’ पुढे. ‘अकॉर्डियन रडवेलं वाजतं.’”

“कुठल्या गाण्यात?”

“सगळ्याच.”

“लिफ्टच्या गाण्यात नाही वाजत. तिथे ते हसतं.”

मास्तर थांबले, आठवून पाहिलं आणि नाइलाजाने म्हणाले, “हो, तिथे हसतं. ‘लिफ्टचे गाणे वगळता.’”

अशी ती तक्रार साडेचार पानांची झाली, आणि त्या बँडबद्दल इतकं बारीक कुणी कधी लिहिलं नव्हतं. खाली सह्या त्रेचाळीस. बायकोने सही केली नाही. “ऐकलेलं नाही म्हणून त्या फॉर्मवर केली नाही,” ती म्हणाली, “मग इथे कशी करू?”

खिडकीवरच्या बाईंनी सह्या दोनदा मोजल्या. “पसंतीच्या फॉर्मवर एक, आणि तक्रारीला त्रेचाळीस?”

“तक्रारीला संपूर्ण ऐकावं लागतं का?” दप्तरींनी विचारलं.

बाईंनी नियमांचं पुस्तक काढलं, बोट फिरवत खाली गेल्या. “नाही. तक्रारीला ‘कानावर पडणे’ पुरेसं आहे.” त्यांनी दप्तरींकडे चष्म्यावरून पाहिलं. मग शिक्का उचलला आणि असा मारला की शाई उडाली. “वादग्रस्त म्हणून नोंद झाली. निकाल लागेपर्यंत या रिळाला आता कुणी हात लावत नाही. आणि सुनावणीला ते सर्व पक्षांसमोर वाजवावं लागतं, संपूर्ण.”

“संपूर्ण?”

“वादग्रस्त ध्वनिमुद्रण न ऐकता निकाल देता येत नाही. तेवढी अक्कल नियमात आहे.”

नोटीस बँडलाही गेली. गाणारा आता आजोबा झालाय, गुडघे दुखतात. त्याने दप्तरींना फोन केला. दप्तरी माफी मागायला लागले, तर तो म्हणाला, “माफी कसली? बावीस वर्षांत आमच्या बँडच्या नावाने आलेलं पहिलं पत्र आहे हे. मी फ्रेम करायला दिलंय.”

सुनावणी एका मंगळवारी सकाळी अकराला ठेवली होती. केंद्राची तिसऱ्या मजल्यावरची खोली, तीस खुर्च्या, कोपऱ्यात टेबलावर रीळ वाजवायचं जुनं मशीन. त्रेचाळीसपैकी एक्केचाळीस तक्रारदार आले. दोघांना ताप होता, त्यांनी तसं लेखी कळवलं होतं. शेजारच्या खोल्यांतून खुर्च्या आणल्या, तरी पाच जण उभे राहिले. बँडचे तिघे पुढच्या रांगेत, अंगावर कपाटातले चांगले कपडे. गाणाऱ्याने मागे वळून भरलेली खोली पाहिली आणि ड्रमवाल्याच्या कानात काहीतरी सांगितलं. ड्रमवाल्याने रुमाल काढला. मी नंतर विचारलं, काय सांगितलंत. म्हणाला, “एवढी माणसं आपल्यासमोर कधीच बसली नव्हती, म्हटलं.”

आणि शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून दप्तरींची बायको बसली होती. ती कुठल्याच पक्षाची नव्हती. दुकानातून रजा घेऊन आली होती. दप्तरींनी तिच्या कानांकडे पाहिलं. दोन्ही मोकळे होते.

सुनावणी घेणारे साहेब बारा वाजता आले, त्यांना सर्दी झाली होती. त्यांनी तक्रार वाचली, नाक पुसलं आणि मशीनवाल्याला खूण केली. रीळ फिरायला लागलं.

घरची कॅसेट म्हणजे चार हजार वेळा घासलेली फीत. तिच्यावर सगळं ब्लँकेटखालून आल्यासारखं वाजायचं. इथे मूळ रीळ होतं. अकॉर्डियनचा श्वास ऐकू येत होता, गाणाऱ्याने ओळीआधी गिळलेला आवंढा ऐकू येत होता. वरच्या वहिनी पुटपुटल्या, “अगंबाई, याला आवाज आहे की.” मास्तरांनी त्यांना गप्प केलं.

खिडकीवालं गाणं आलं. आणि वाद्यं थांबली.

साहेबांनी घसा साफ केला आणि शेजारच्या टंकलेखकाला सांगायला सुरुवात केली, “लिहा. ध्वनिमुद्रण संपले असून…”

“थांबा,” एकदम पंधरावीस आवाज आले.

साहेबांनी वर पाहिलं. “काय झालं?”

“संपलेलं नाही,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी एक बोट वर धरलं होतं आणि ओठ हलत होते. खालच्या मजल्यावरून बावीस वर्षं ऐकून ती चाळीस सेकंदं त्यांच्या अंगात मुरली होती. “अजून बावीस आहेत.”

“बाई, तुम्ही तक्रारदार आहात ना?”

“तक्रारदारच आहोत,” मास्तर उभे राहून म्हणाले. “पण तक्रार पुरी ऐका.”

एक्केचाळीस माणसं श्वास धरून बसली. खुर्ची करकरली नाही. साहेबांनी शिंक येत होती तीसुद्धा दाबली. चेअरमन बोटांवर मोजत होते, शेजारच्या बिल्डिंगचे सातही जण मोजत होते. आणि बरोबर ज्या क्षणी वहिनींचं बोट खाली आलं, त्या क्षणी ड्रमवर ब्रश पडला, अकॉर्डियन उघडलं, आणि तो खिडकीवरचा माणूस जिथे उभा होता तिथूनच पुढे गायला लागला. खोलीभर एक सुस्कारा गेला. ड्रमवाला पुढच्या रांगेत खाली मान घालून बसला होता, त्याची पाठ हलत होती.

पहिली बाजू संपली तेव्हा एक वाजायला आला होता. मशीनवाल्याने रीळ काढून उलटं केलं. दप्तरी खुर्चीच्या अगदी कडेवर आले. बावीस वर्षं. आता फक्त बटण.

“जेवणाची सुट्टी,” साहेब म्हणाले. “आणि दुपारी मला दुसरी बैठक आहे. दुसरी बाजू पुढच्या तारखेला ऐकू. तारीख कळवण्यात येईल.”

यावर जो गलका झाला त्याची नोंद टंकलेखकाने ‘तक्रारदारांनी नाराजी व्यक्त केली’ अशी केली आहे. नाराजी कसली, मास्तर टेबलाला धरून उभे होते. “पाच मिनिटं तरी लावा हो. लिफ्टचं काय झालं एवढं तरी कळू दे.”

या गोष्टीला सात महिने झाले. तारीख आलेली नाही.

आता हे नीट ऐका, कारण दप्तरी ज्या कात्रीत सापडलेत ती त्यांच्याशिवाय कुणाला कळणार नाही. तळघरात आयुष्य काढलेला माणूस आहे तो. त्याला माहीत आहे की तारीख येत नाही तोवर वाद चालू आहे, आणि वाद चालू आहे तोवर रीळ सुखरूप आहे. तारीख लागली, दुसरी बाजू वाजली, की निकाल. तक्रार मान्य झाली तर रीळ पुसणार. फेटाळली तरी वाद मिटला, आणि रीळ पुन्हा यादीत. शहाण्या दप्तरदाराने तोंड मिटून बसावं आणि तारीख कधीच न येवो अशी इच्छा करावी. सात महिने ते तसेच बसले. जिन्यात रोज कुणीतरी विचारायचं, “तारीख आली का?” ते मान हलवून वर जायचे.

गेल्या आठवड्यात बायको म्हणाली, “अहो, जपून ठेवायचं म्हणून ठेवायचं, ते तुमच्या कचेरीत. हे ऐकायचं आहे.”

“आणि मग पुसलं तर?”

“तर ऐकलेलं तरी असेल. तुम्ही एकटे नाही, आम्ही सगळेच.” मग म्हणाली, “मला त्या खिडकीवरच्या माणसाची काळजी वाटते.”

दप्तरींनी त्याच दिवशी तारखेसाठी अर्ज लिहिला. खाली मास्तरांकडे वाचायला नेला, तर मास्तरांच्या टेबलावर कोरे फुलस्केप कागद गठ्ठ्याने रचलेले.

“हे कशाला?”

“दुसऱ्या बाजूविरुद्ध,” मास्तर म्हणाले. “ती वाजली की त्याच दिवशी नवीन तक्रार टाकायची. स्वतंत्र.”

“पण तुम्ही ती ऐकलेली नाही अजून.”

“ऐकल्यावरच लिहीन, खोटं कशाला लिहू. काहीतरी सापडेलच हो, माणसं तीच आहेत.” त्यांनी पेन उघडलं आणि बंद केलं. “ती निकालात निघाली की वहिनी घालतील. मग चेअरमन. आम्ही पाळी लावलीय. आम्ही आहोत तोवर तुमच्या या बँडला सुखाने पुसू देणार नाही.”

तेव्हा साहेब, अर्ज तुमच्या टेबलावर आहे. पोच आमच्याकडे आहे, खिडकीवरच्या बाईंनी शिक्का मारून दिली आहे. अर्जावर तक्रारदारांच्या त्रेचाळीस सह्या आहेत, बँडच्या तिघांच्या आहेत, दप्तरींची आहे, आणि सगळ्यात खाली, बावीस वर्षांत पहिल्यांदा, त्यांच्या बायकोची आहे. तापाचे दोघेही या वेळी येणार आहेत. तुमची सर्दी बरी झाली असेल. तुमच्या बैठका आम्हाला सांगू नका. आम्ही अकरा वाजता येऊ, लागल्या तर खुर्च्या घरून आणू, आणि मध्ये काही वाजेनासं झालं तर गप्प बसून मोजू. एवढंच सांगा, आणि लेखी सांगा : दुसरी बाजू कधी लावताय?